कोरड्या हातांचं गाणं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या बालवाडीत एक पाहुण्या आल्या होत्या. मुलांनी त्यांना हात धुण्याचं गाणं करून दाखवलं. तळव्यावर तळवा, मग हाताची पाठ, मग बोटांच्या बेचक्या, अंगठा गोल गोल, नखं तळव्यावर, शेवटी मनगट. २४ मुलं आणि एक ठेका. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर व्हिडिओ घेतला. गाणं संपलं, मुलं ओळीत बसली, डबे उघडले आणि जेवायला लागली. मोरीकडे एकही मूल गेलं नाही.

पाहुण्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे. माझ्या आलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या, कारण ते गाणं मीच रचलं होतं. शेजारी बसलेल्या मुलाला विचारलं, "हात धुतलेस का रे?" त्यानं तोंडातला घास न गिळताच "हो" म्हटलं आणि पुरावा म्हणून अंगठा गोल गोल फिरवून दाखवला. तो खोटं बोलत नव्हता. हात धुणं म्हणजे ते गाणं, आणि ते तर नुकतंच झालं होतं.

त्याच आठवड्यात पाच मुलं जुलाबानं घरी होती. दोघांना सलाइन लावावं लागलं.

पुढच्या चार-पाच महिन्यांत आम्ही काय केलं, काय जमलं आणि काय फसलं, ते इथे मांडते आहे. मुलांची आणि पालकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

सतरा गावची पोरं

पुण्याच्या पूर्वेला वाघोलीच्या आसपास दगडखाणी आणि नव्या इमारती यांच्या मधल्या पट्ट्यात आमची बालवाडी आहे. पत्र्याची एक खोली, पुढे फरशीचा ओटा, कडेला कडुनिंब. मी, आणखी एक ताई आणि मदतनीस मावशी. मुलं तीन ते सहा वयाची. नोंदवहीत 'घरची भाषा' असा एक रकाना आहे. त्या वर्षी त्यात सात नोंदी होत्या: लातूर-नांदेडकडची मराठी, महबूबनगरची तेलुगू, कलबुर्गीची कन्नड, छत्तीसगढी, बुंदेली, मालद्याची बंगाली आणि एका वॉचमनच्या घरची नेपाळी. 'बहुसांस्कृतिक' हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. मावशी म्हणतात, "सतरा गावची पोरं."

आईबाप गवंडी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, बिगारी. काही आया जवळच्या सोसायट्यांत धुणंभांडी करतात. एका साइटवरचा स्लॅब संपला की कुटुंब बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जातं. त्यामुळे जूनमधली निम्मी मुलं मार्चमध्ये नसतात, त्यांच्या जागी दुसरी आलेली असतात. सवय लावण्याच्या दृष्टीनं ही मोठीच अडचण, पण तिच्याबद्दल कुरकुर करून उपयोग नाही.

कागदावर आमचं सगळं ठीक चाललं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ या वयाचा एक सलग पायाभूत स्तर मानला, २०२२ मध्ये त्या स्तराचा अभ्यासक्रम आराखडा आला, आणि दोन्हींत खेळाला आणि घरच्या भाषेला मानाचं पान आहे. माझ्या रोजच्या नोंदवहीत 'खेळातून आरोग्य-सवयी' या ओळीपुढे रोज बरोबरची खूण असायची. गाण्यात ताल होता, हालचाल होती, हसू होतं. फक्त खेळ नव्हता. खेळात पुढे काय होणार ते मूल ठरवतं. इथे पहिल्या टाळीपासून शेवटच्या मनगटापर्यंत सगळं मी ठरवलेलं होतं. ती कवायत होती, तिला चाल लावलेली होती एवढंच.

तीन दिवस नुसतं बघणं

दुसऱ्या ताईंचं म्हणणं होतं, नियम कडक करू. हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, जो धुवेल त्याला हातावर चांदणी. चांदण्या आम्ही आधी करून पाहिल्या होत्या. मुलं चांदणी पुसू नये म्हणून हात धुवायचं टाळत. (हे लिहिताना आता हसू येतं. तेव्हा मी शाईचा ब्रँड बदलला होता.)

मी तीन दिवस वर्ग त्यांच्यावर सोपवून मोरीच्या दाराशी वही घेऊन बसले. तिथे जे दिसलं ते कुठल्याही प्रशिक्षणात मला कुणी सांगितलं नव्हतं.

तोटी माझ्या कमरेला लागत होती, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या कपाळाला. पोचायचं तर टाचा उंचावायच्या, मग पाणी कोपरापर्यंत ओघळून बाही भिजते. पावसाळ्यात भिजलेली बाही दिवसभर वाळत नाही. साबणाची वडी आमच्या मुठीच्या मापाची. मुलाच्या हातातून ती निसटायची आणि थेट मोरीच्या जाळीवर. तिथून उचलायला मुलांना किळस यायची, आणि बरोबरच होतं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी एक लातूरकडची मुलगी तोटीपाशी आली, इकडेतिकडे पाहिलं, चिळकांडीभर पाणी घेतलं आणि घाईनं तोटी बंद केली. दोनदा फिरवून घट्ट. मी म्हटलं, "अगं घे की अजून." तर म्हणाली, "आई मारंल. टँकर परवा हाय."

त्या एका वाक्यानं माझ्या गाण्याची हवा गेली. या मुलांच्या घरी पाणी सांडणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. वस्तीत टँकर एक दिवसाआड येतो, पिंप भरून घ्यायचं, त्यावरच भागवायचं. आणि मी सांगत होते, वीस सेकंद चोळा, नीट खळखळून धुवा. घरची शिस्त आणि बालवाडीची शिस्त यांत मुलीनं घरची निवडली. चार वर्षांच्या मुलीकडून याहून शहाणपणाची अपेक्षा काय करणार?

तिसऱ्या दिवशी मोरीपाशी काहीच घडलं नाही, म्हणून मी भातुकलीच्या कोपऱ्याकडे पाहत बसले. महबूबनगरकडची एक साडेचार वर्षांची मुलगी बाहुलीला जेवायला वाढत होती. वर्गात ती जवळजवळ मुकी. जूनपासून तिच्या तोंडून चार शब्द ऐकले असतील. तिनं बाहुलीला मांडीवर घेतलं, बाटलीच्या झाकणातून खोटं पाणी तिच्या हातांवर ओतलं, दुसऱ्या हातानं तिचे दोन्ही हात चोळले, आपल्या फ्रॉकला पुसले आणि दटावून म्हणाली, "चेतुलु कडुक्को!" (हात धू!) मग घास भरवला.

म्हणजे तिला सगळं येत होतं. जेवणाआधी हात धुवायचे हे येत होतं, चोळायचे हेही. फक्त तिच्या घरी हात धुणं हे एकट्यानं तोटीखाली करायचं काम नव्हतं. एकानं पाणी घालायचं, दुसऱ्यानं हात पुढे करायचे. तसं तर माझ्या आजोळीही होतं. पंगतीला बसण्याआधी मामा ओसरीच्या कडेला तांब्या घेऊन उभा असायचा. मी ते विसरून सहा पायऱ्यांचा तक्ता भिंतीला डकवला होता.

इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींची एक गोष्ट त्या रात्री आठवली. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. एकदा त्यांनी तिथल्या मुलांना रुमालानं, फारसा आवाज न करता नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं. धडा संपला तेव्हा मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेंबडाबद्दल त्या मुलांना जन्मभर फक्त बोलणी बसली होती. कसं शिंकरायचं हे शांतपणे कुणी दाखवलंच नव्हतं. आमच्याकडे टाळ्या पाहुण्यांनी वाजवल्या, तिथे मुलांनी. फरक तेवढाच, पण पुरेसा.

घमेलं, कॅन आणि एक सुतळी

पहिला बदल फुकटचा होता. भातुकलीत खरं पाणी दिलं. एक घमेलं, दोन छोटे तांबे, बाहुल्यांसाठी जुन्या बनियनचे तुकडे. दिवसाला एक बादली, ती संपली की संपली. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत सगळा ओटा ओला. मावशी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या ती मी विसरणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मुलंच एकमेकांवर ओरडायला लागली, "सांडू नको, संपंल!" आणि बाहुल्यांचे हात जेवणाआधी धुतले जाऊ लागले. मुलांचे स्वतःचे अजून नाहीत.

दुसरा बदल वेळापत्रकातला. मातीकाम आमच्याकडे शेवटच्या तासाला असायचं, म्हणजे मुलं चिखलाचे हात घेऊन घरी जात आणि डब्याच्या वेळी हात दिसायला स्वच्छ. मातीकाम उचलून डब्याच्या आधी टाकलं. तीन वर्षांच्या मुलाला न दिसणारा जंतू समजावणं अवघड. बोटांच्या बेचक्यात अडकलेली लाल माती त्याला दिसते, वाळली की खाजते, पोळीला लागते. धुण्याचं कारण आता माझ्या तोंडात नव्हतं, त्याच्या हातावर होतं. एवढी साधी गोष्ट सुचायला मला नोकरीची अकरा वर्षं लागली.

तिसरी गोष्ट टिपी टॅप, म्हणजे पायानं चालवायचा घरगुती नळ. १९८० च्या दशकात झिंबाब्वेत ही युक्ती पुढे आली आणि नळ नसलेल्या गावांतून जगभर पसरली. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्यायचा, तापवलेल्या खिळ्यानं झाकणाच्या थोडं खाली भोक पाडायचं. दोन बेचक्यांच्या खांबांवर एक आडवी काठी, ती कॅनच्या मुठीतून ओवायची. कॅनच्या गळ्याला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक जमिनीलगतच्या काठीला. काठीवर पाय दिला की कॅन पुढे वाकतो आणि करंगळीएवढी धार पडते. पाय काढला की कॅन आपोआप सरळ. मळका हात तोटीला लावायचाच नाही. एका मुलाला वाटीभर पाणी पुरतं, म्हणून टँकरची भीतीही उरत नाही. साबणाची वडी कांद्याच्या लाल जाळीत घालून शेजारी टांगली. निसटत नाही, फेसही चांगला येतो. खाली खडी पसरली, नाहीतर डबकं साचलं असतं आणि जुलाबाऐवजी डेंग्यूशी गाठ पडली असती. कॅन लटकवला तो मोरीत नव्हे. मातीकामाचा ओटा आणि डबे खायची चटई यांच्या बरोबर मध्ये, जाता-येता अंगावर येईल असा.

मुलांना त्याचं वेड लागलं ते हातांसाठी नव्हे, पायांसाठी. पाय दाबला की पाणी! पहिला आठवडा नुसता खेळच चालला. दुसऱ्या ताई म्हणाल्या, "अहो, हे काय धुणं आहे?" मी म्हटलं, चालू दे. एकानं पाय द्यायचा आणि दुसऱ्यानं हात पुढे करायचे हे मुलांनी आपणहून काढलं. लहानग्यांच्या पायात काठी दाबण्याएवढा जोर नव्हता, म्हणून मोठी मुलं त्यांच्यासाठी दाबू लागली. त्यातून रोजचा एक 'पाणीवाला' ठरायला लागला. पाणीवाला आपल्या भाषेत हाक देणार, बाकीचे हात पुढे करणार. "हात धुये नाओ", "कै तोळ्को", "हाथ धो ले". महिनाभरात नेपाळी मुलगा कन्नडमधून ओरडत होता. ती मुकी मुलगी पाणीवाली झाली त्या दिवशी तिचा आवाज वर्गानं पहिल्यांदा ऐकला, आणि तो चांगलाच खणखणीत निघाला.

भाषेचं म्हणाल तर मराठीतला 'हात' बंगालीला आणि नेपाळीला कळतो. तेलुगूतला 'चेय्यि' आणि कन्नडमधला 'कै' यांना तो कुठून कळणार? माझं गाणं त्या मुलांसाठी नुसता आवाज होता. पालघरकडच्या बोर्डीला १९४५ मध्ये आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. शंख-शिंपले, बिया, पानं हीच तिथली साधनं. अंगणवाडी हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातलं अंगण कुणाचं, हे विसरायला होतं.

जे फसलं

हळदीचा खेळ मी वाचून केला होता. मुलांच्या हातांना तेल-हळद लावायची, ती सगळीकडे कशी पसरते ते दाखवायचं आणि सांगायचं, जंतू असेच पसरतात. वर जोडीला मी जंतूचं एक दातवालं चित्रही काढलं. बुंदेली बोलणारी एक लहानगी ते पाहून इतकी घाबरली की दोन दिवस हातानं घास घेईना. "हाथ में कीड़ा है" म्हणून रडायची. आईला चमच्यानं भरवावं लागलं. चित्र फाडून टाकलं. हळदीचा खेळ नंतर केला, पण जंतूशिवाय. पिवळे हात पांढऱ्या कागदावर उठवायचे आणि मग धुवून पुन्हा उठवून पाहायचे, बस्स.

पाणीवाल्यावरून एक आजी आल्या. नातवाच्या हातावर भलत्याच्या पोरानं पाणी घालायचं, हे त्यांना मानवलं नाही. 'भलत्याच्या' या शब्दात काय काय होतं ते सगळ्यांना कळलं, आणि कुणीच मोठ्यानं बोललं नाही. मीही भाषण दिलं नाही. पाणीवाला चिठ्ठी टाकून ठरतो, चिठ्ठी मुलं उचलतात, ती बदलता येणार नाही, एवढंच सांगितलं. आजी उठून गेल्या. तीन आठवडे नातू गळ्यात पाण्याची बाटली अडकवून येत होता आणि बाजूला एकटाच हात धूत होता. एक दिवस त्याच्या नावाची चिठ्ठी निघाली. तो काठीवर पाय देऊन उभा राहिला आणि सगळ्यांच्या हातांवर पाणी सोडलं. बाटली त्यानंतरही बरेच दिवस गळ्यात होती, आजीसाठी.

डब्यातला मासा

खाण्याच्या सवयींबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे आम्ही फार काही केलं नाही. डब्यात पाच रुपयांची विकतच्या खाऊची पुडी आणायची नाही, असा फलक मी लावणारच होते. मालद्याचा एक मुलगा रोज पुडी आणायचा. मावशींनी सांगितलं, "जूनमध्ये भात-मासा आणायचा की तो. पोरं शी शी करायला लागली तवापास्नं बंद झालं." पुडीमागे आळस नव्हता, लाज होती. फलक लागला असता तर त्याची पुडीही गेली असती आणि मासा आलाच नसता.

भातुकलीत मग खानावळ काढली. पिंपळाचं पान म्हणजे मासा. काटा कसा काढायचा हे त्या मुलाला येत होतं, बाकी कुणालाच नाही. तो पानाची मधली शीर अशी काही सफाईनं सोलायचा की त्याच्यापुढे रांग लागली. दसरा झाल्यावर त्याच्या आईनं दारात उभं राहून विचारलं, "मैडम, सच में भेजूँ?" मी मान हलवली. डबा उघडला तेव्हा वास आलाच, एकदोघांनी नाकही मुरडलं. पण "शी" म्हणायच्या आत एक जण म्हणाला, "काटा दाखव ना."

चुरमुऱ्यांचा दिवस आपोआप चांगला झाला. मुढी, मंडक्की, मरमरालु, मुर्रा, सगळ्यांच्या घरी तीच वस्तू. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर मुलांनी प्लॅस्टिकच्या सुरीनं चिरली, दाण्याचं कूट घातलं. या वयाला अख्खे दाणे देत नाही, घशात अडकतात.

नोव्हेंबरपर्यंत

मोजायचं काय, हा प्रश्न होता. जुलाबाच्या नोंदी मोजून श्रेय घ्यायला मी तयार नाही. पाऊस ओसरला की ते तसेही कमी होतात. आम्ही एकच गोष्ट पाहिली: कुणी न सांगता, डबा उघडण्याआधी किती मुलं कॅनपाशी जातात. मावशी दाराच्या चौकटीवर खडूनं रेघा मारायच्या. ऑगस्टच्या सुरुवातीला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या रेघा, दिवाळीच्या सुट्टीआधी निम्म्याहून बऱ्याच जास्त. शी-शूला जाऊन आल्यावरची धाव मात्र अजून कच्ची आहे. संडास मागच्या बाजूला आणि कॅन पुढे, त्यामुळे. तिथे दुसरा कॅन लावायला हवा हे आम्हाला उशिरा कळलं.

दिवाळीनंतर सहा नवी मुलं आली, तेव्हा त्यांना काहीच शिकवायची वेळ आली नाही. जुन्यांनी त्यांना ओढत कॅनपाशी नेलं, पाय कुठे द्यायचा ते दाखवलं, आणि पाणी अंगावर उडवून घेतलं. गाणं मी बंद केलेलं नाही. मुलांना ते आवडतं. ते आता दुपारी घरी जायच्या वेळी होतं, नाच म्हणून.

कॅन आत्तापर्यंत तीन झाले. उन्हानं प्लॅस्टिक कडक होतं आणि मूठ तुटते. सुतळी तर आठवड्याला झिजायची, दर सोमवारी मी गाठ मारत बसायचे. एकदा त्या महबूबनगरच्या मुलीचे वडील तिला न्यायला लवकर आले. सळई बांधण्याचं काम करतात. माझी गाठ बघत थोडा वेळ उभे राहिले, काही बोलले नाहीत. मग खिशातून बाइंडिंग वायरचा तुकडा काढला, कमरेचा आकडा काढला, माझी सुतळी सोडून बाजूला ठेवली आणि दोन पिळात काठी आवळून टाकली. पायानं दाबून पाहिलं. धार पडली. मुलगी हात पुढे करून उभीच होती.